व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअरमधील बिघाड आणि फाइलदोष

संगणकावर चित्रफितींचे संपादन करणारे सॉफ्टवेअर काम चालू असताना अचानक बंद पडणे, गोठणे, प्रकल्प न उघडणे किंवा अंतिम चित्रफीत तयार करताना थांबणे यांस व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअरमधील बिघाड म्हटले जाते. चित्रफीत न उघडणे, ती सापडत नसल्याचा संदेश येणे, चित्र आणि ध्वनी यांचा मेळ सुटणे, हे दोष फाइलदोष या प्रकारात मोडतात. दोन्ही प्रकारांचे परिणाम पडद्यावर पुष्कळदा सारखेच दिसतात. त्यांची कारणे व उपाय मात्र भिन्न असतात. लग्नसमारंभ, मुलाखती, माहितीपट यांसारखे चित्रीकरण पुन्हा करता येत नसल्याने दुरुस्तीची कोणती कृती आधी आणि कोणती नंतर करावी, याला या विषयात विशेष महत्त्व आहे. बहुतेक प्रसंगी मूळ दृश्ये शाबूत असतात. नष्ट झालेला असतो तो त्यांच्याकडे जाणारा दुवा किंवा त्यांची अनुक्रमणिका. घाईने केलेल्या दुरुस्तीत मूळ फाइलीवर नवीन माहिती लिहिली गेल्यास मात्र नुकसान कायमचे होऊ शकते.

पार्श्वभूमी

फिल्मचे तुकडे कापून जोडणे किंवा एका टेपवरून दुसऱ्या टेपवर दृश्ये उतरवणे, ही संपादनाची जुनी पद्धत होती. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीची संगणकाधारित संपादन प्रणाली आणि १९९१ मध्ये अ‍ॅडोबी प्रीमियर बाजारात आल्यानंतर अरेषीय संपादनाचा प्रसार झाला. या पद्धतीत मूळ चित्रफितीला हात लावला जात नाही. कोणत्या फाइलीचा कोणता भाग, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या परिणामांसह दाखवायचा, एवढ्याच सूचना सॉफ्टवेअर नोंदवून ठेवते. आज वापरात असलेली प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो, दाविंची रिझॉल्व्ह ही व्यावसायिक सॉफ्टवेअरे, तसेच केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे याच तत्त्वावर चालतात.

प्रकल्प फाइलीचे स्वरूप

प्रकल्प फाइलीत सामान्यतः चित्रफिती नसतात; त्यांचे पत्ते आणि संपादनाच्या सूचना असतात. काही तासांच्या चित्रीकरणाचा प्रकल्प केवळ काही मेगाबाइटांचा असतो तो यामुळेच. प्रकल्प फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडल्यास सर्व दृश्ये गायब दिसतात, त्याचेही कारण हेच होय.

प्रत्येक सॉफ्टवेअरची नोंद ठेवण्याची रीत वेगळी आहे. केडेनलाइव्ह व शॉटकट यांच्या प्रकल्प फाइली एक्सएमएल स्वरूपातील साध्या मजकुराच्या असतात. प्रीमियर प्रोची प्रकल्प फाइल हा जीझिप पद्धतीने दाबलेला एक्सएमएल मजकूर असतो. ओपनशॉट जेसन स्वरूप वापरते. दाविंची रिझॉल्व्ह प्रकल्प स्वतंत्र फाइलीत न ठेवता विदागारात ठेवते. त्यामुळे संगणक बदलताना प्रकल्प सॉफ्टवेअरमधूनच निर्यात करावा लागतो. मजकूर स्वरूपातील प्रकल्प फाइल बिघडल्यास ती मजकूर संपादकात उघडून दोषाची ओळ शोधणे शक्य असते. असा प्रयत्न मूळ फाइलीवर न करता तिच्या प्रतीवर करतात.

सॉफ्टवेअर बंद पडण्याची कारणे

स्मृतीचा तुटवडा: साठवलेली चित्रफीत दाबलेल्या स्वरूपात लहान असली तरी संपादनासाठी प्रत्येक चौकट उलगडून स्मृतीत आणावी लागते. ३८४० × २१६० बिंदूंच्या एका चौकटीला, चार वाहिन्या आणि प्रत्येकी ८ बिट धरल्यास, सुमारे ३३ मेगाबाइट लागतात. रंगसंस्कारासाठी तीच चौकट ३२ बिटांच्या अचूकतेने हाताळल्यास ही गरज सुमारे १३३ मेगाबाइटांवर जाते. प्रतिसेकंद २५ चौकटींच्या हिशेबाने एका सेकंदाच्या चौकटी एकाच वेळी स्मृतीत ठेवायच्या तर ३.३ गिगाबाइट जागा हवी. त्यात मोठी स्थिरचित्रे, एकावर एक रचलेले स्तर व परिणाम यांची भर पडली की संगणकाची किंवा ग्राफिक्स कार्डाची स्मृती संपते आणि सॉफ्टवेअर बंद पडते.

ग्राफिक्स कार्ड व त्याचा चालक: परिणामांची गणना आणि चित्रफितींचा उलगडा यांचा बराच भार ग्राफिक्स कार्ड उचलते. चालक सॉफ्टवेअर जुने असल्यास, अथवा नव्या चालकातच दोष असल्यास, पूर्वी सुरळीत चालणारा प्रकल्पही बंद पडू लागतो. म्हणून चालक अद्ययावत करण्याप्रमाणेच आधीच्या स्थिर आवृत्तीकडे परतणे हाही मान्य उपाय आहे.

कोडेक: चित्रफीत ज्या पद्धतीने दाबलेली असते ती पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४ व एचईव्हीसी या पद्धतींत पुष्कळ चौकटी पूर्ण साठवल्या जात नाहीत. मागच्या-पुढच्या चौकटींशी असलेला फरकच नोंदवला जातो. एखादी चौकट दाखवण्यासाठी तिच्या शेजारच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागत असल्याने टाइमलाइनवर पुढे-मागे सरकताना सॉफ्टवेअर अडखळते. ४:२:२ रंगनमुन्याच्या १० बिट चित्रफिती उलगडण्याची सोय अनेक ग्राफिक्स कार्डांत नसते. अशा वेळी सर्व भार मुख्य प्रक्रियकावर येतो.

प्लगइन, फॉन्ट व कॅश: त्रयस्थ प्लगइन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीशी जुळत नसल्यास सॉफ्टवेअर सुरू होतानाच बंद पडू शकते. बिघडलेला फॉन्ट शीर्षकाची खिडकी उघडताच त्रास देतो. कॅश म्हणजे पूर्वदर्शन जलद व्हावे म्हणून सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलेल्या तात्पुरत्या फाइली. त्या बिघडल्यास निरोगी चित्रफीतही हिरवी, काळी अथवा आवाजाविना दिसते.

कारण शोधण्याची पद्धत

बिघाडाचे कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम पाळला जातो. तत्पूर्वी प्रकल्प फाइलीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवतात. त्यानंतर रिकामा नवा प्रकल्प उघडून पाहतात. रिकामा प्रकल्पही बंद पडत असल्यास दोष सॉफ्टवेअर, चालक, प्लगइन किंवा सेटिंगमध्ये असतो. तो नीट चालत असल्यास दोष विशिष्ट प्रकल्पात वा चित्रफितीत असतो.

पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअरची सेटिंग मूळ स्थितीत आणतात, प्लगइन काढून पाहतात आणि ग्राफिक्स कार्डावरील गणना बंद करून काम मुख्य प्रक्रियकाकडे सोपवतात. तसे केल्यावर बिघाड थांबला तर संशय ग्राफिक्स कार्ड किंवा त्याच्या चालकावर जातो.

दुसऱ्या प्रकारात अर्धविभाजनाची रीत उपयोगी पडते. प्रकल्पाच्या प्रतीतून टाइमलाइनचा अर्धा भाग काढून टाकतात. बिघाड कायम राहिला तर दोष उरलेल्या अर्ध्यात, अन्यथा काढलेल्या अर्ध्यात असतो. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास १,००० तुकड्यांच्या टाइमलाइनमधील एकमेव दोषी तुकडा सुमारे १० फेऱ्यांत सापडतो. जुना प्रकल्प नव्या रिकाम्या प्रकल्पात आयात केल्यानेही काही वेळा दोष मागे राहतो.

सॉफ्टवेअर बंद पडताना कार्यप्रणाली त्याची नोंद ठेवते. विंडोजमध्ये ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आणि मॅकओएसमध्ये कन्सोल या उपयोजनात पाहता येते. नोंदीत दोषाच्या क्षणी चालू असलेल्या घटकाचे नाव असते. ते नाव ग्राफिक्स चालकाचे वा प्लगइनचे असल्यास शोधाची दिशा ठरते. विकासकांना दोष कळवताना ही नोंद, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती आणि दोष पुन्हा घडवून आणण्याचा क्रम या तीन गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

फाइल न सापडणे

चित्रफीत दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्यास, तिचे नाव बदलल्यास किंवा बाह्य ड्राइव्हला नवे अक्षर मिळाल्यास प्रकल्पातील पत्ता चुकीचा ठरतो. सॉफ्टवेअर तेव्हा रिकामी चौकट किंवा सूचनापट्टी दाखवते. यात चित्रफितीचे नुकसान झालेले नसते. पुन्हा जोडणी करण्याच्या आज्ञेने नवा पत्ता दिला की काम पूर्ववत होते. सारख्याच नावाची दुसरी फाइल चुकून जोडली जाऊ नये म्हणून कालावधी व टाइमकोड पडताळून पाहतात. कॅमेरे फाइलींना क्रमांकाची नावे देत असल्याने दोन कार्डांवर एकाच नावाच्या फाइली आढळणे नेहमीचे आहे.

देवनागरी नावांच्या फाइलींबाबत एक वेगळी अडचण उद्भवते. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. मॅक संगणकांची जुनी एचएफएस प्लस फाइल प्रणाली नाव साठवताना अशा अक्षरांची फोड करते. ती फाइल लिनक्सवर गेल्यावर नाव डोळ्यांना तेच दिसते, परंतु प्रकल्पात नोंदलेल्या संकेतांकांशी जुळत नाही आणि फाइल समोर असूनही सापडत नाही. 'अ‍ॅ' हे अक्षरही एकाहून अधिक प्रकारे टंकित होते. शिवाय यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरी नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात, आणि त्यांत काना, मात्रा व वेलांटी ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे असतात. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांसह संपूर्ण पत्त्यावर असलेली २६० अक्षरांची पारंपरिक मर्यादाही अनेक सॉफ्टवेअरांना आडवी येते. या कारणांमुळे मूळ चित्रफितींना रोमन अक्षरे व अंक यांची आखूड नावे देण्याचा प्रघात आहे.

अपूर्ण एमपी४ फाइल

एमपी४ हे एक कंटेनर स्वरूप आहे. चित्र आणि ध्वनी यांचे प्रवाह एकत्र बांधून ठेवणाऱ्या डब्याची उपमा त्याला देता येते. आतील माल कोणत्या कोडेकचा आहे हा वेगळा प्रश्न असतो. या स्वरूपाची रचना अ‍ॅपलच्या क्विकटाइम स्वरूपावर आधारलेली आहे. फाइलीतील 'एमडॅट' या विभागात प्रत्यक्ष चित्र-ध्वनी असतात, तर 'मूव्ह' या विभागात त्यांची अनुक्रमणिका असते. कोणती चौकट कितव्या बाइटपासून सुरू होते, तिची लांबी किती आणि ती किती काळ दाखवायची, हे मूव्ह विभागावरून कळते.

चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत ही माहिती निश्चित नसल्याने कॅमेरे व ध्वनिचित्रमुद्रण सॉफ्टवेअरे अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहितात. बॅटरी संपल्याने, कार्ड मध्येच काढल्याने किंवा वीज गेल्याने मुद्रण तुटले तर एमडॅट विभाग भरलेला राहतो, पण मूव्ह विभाग लिहिलाच जात नाही. अशी फाइल काही गिगाबाइटांची असूनही कोणत्याही प्लेअरमध्ये उघडत नाही. एफएफएमपेग हे मुक्तस्रोत साधन अशा फाइलीस 'मूव्ह अ‍ॅटम' सापडत नसल्याचा दोषसंदेश देते.

दुरुस्तीसाठी त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक निरोगी चित्रफीत संदर्भ म्हणून वापरतात. अनट्रंक यासारखी साधने तिच्यावरून कोडेकची माहिती घेतात, तुटलेल्या फाइलीतील चौकटींच्या सीमा ओळखतात आणि नवी अनुक्रमणिका रचतात. सेटिंग भिन्न असल्यास हा प्रयत्न सहसा फसतो. काही कॅमेऱ्यांत तेच कार्ड पुन्हा घातल्यावर अपूर्ण फाइल आपोआप दुरुस्त करण्याची सोय असते. त्यामुळे कार्ड फॉरमॅट करण्याआधी ते त्याच कॅमेऱ्यात घालून पाहणे उपयुक्त ठरते. तथापि, शक्य असल्यास त्याआधी संपूर्ण कार्डाची प्रतिमा संगणकावर घेतात, कारण कॅमेऱ्याने केलेली दुरुस्तीही कार्डावरच लिहिली जाते.

हा धोका टाळण्यासाठी फाइलीचे लहान खंड करून प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका त्याच्याबरोबरच लिहिण्याची खंडित एमपी४ पद्धत अस्तित्वात आली. मात्रोस्का म्हणजेच एमकेव्ही हे कंटेनर स्वरूपही मध्येच तुटले तरी तोवरचा भाग दाखवू शकते. ओबीएस स्टुडिओ या ध्वनिचित्रमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये याच कारणास्तव एमकेव्हीत मुद्रण करून नंतर त्याचे एमपी४मध्ये रूपांतर करण्याची सोय आहे. या रूपांतरात केवळ डबा बदलतो. चित्र व ध्वनी पुन्हा दाबले जात नसल्याने गुणवत्ता घटत नाही.

कार्ड व फाइल प्रणाली

फॅट३२ प्रणालीत एका फाइलीचा कमाल आकार ४,२९४,९६७,२९५ बाइट, म्हणजे ४ गिबिबाइटांपेक्षा एक बाइट कमी, इतका असतो. प्रतिसेकंद १०० मेगाबिट गतीने चित्रण केल्यास ही मर्यादा सुमारे ५ मिनिटे ४३ सेकंदांत गाठली जाते. म्हणून ३२ गिगाबाइटांपर्यंतच्या एसडी कार्डांवर, जी सामान्यतः फॅट३२ प्रणाली वापरतात, लांबलचक भाषण किंवा नाट्यप्रयोग अनेक फाइलींत विभागला जातो. हा दोष नव्हे. हे तुकडे सॉफ्टवेअरमध्ये क्रमाने जोडल्यास प्रसंग सलग मिळतो. याउलट, निर्यात करताना फाइल ४ गिगाबाइटांच्या आसपास येऊन थांबत असल्यास ज्या ड्राइव्हवर ती लिहिली जात आहे त्याची फाइल प्रणाली तपासावी लागते. अधिक क्षमतेच्या कार्डांवर एक्सफॅट प्रणाली असते व तिच्यात ही अडचण येत नाही.

कार्डावरून फाइल पुसली गेली तरी तिची माहिती तत्काळ नाहीशी होत नाही. ती जागा मोकळी असल्याची नोंद तेवढी होते. त्या कार्डावर नवे चित्रण न करता फोटोरेक यासारख्या साधनाने शोध घेतल्यास फाइल परत मिळू शकते. फाइलीचे तुकडे कार्डावर विखुरलेले असल्यास यशाची शक्यता कमी होते. एसएसडी ड्राइव्हमध्ये ट्रिम ही आज्ञा मोकळी जागा लवकर रिकामी करत असल्याने पुसलेली फाइल परत मिळणे दुष्कर असते.

चौकट-दर आणि ध्वनीचा मेळ

चित्रपट कॅमेरे ठरावीक दराने चौकटी घेतात. भारतात दूरचित्रवाणीसाठी स्वीकारलेल्या पाल पद्धतीत हा दर सेकंदाला २५ आहे. मोबाइल फोन मात्र प्रकाश व प्रक्रियकावरील भार यांनुसार दर बदलत राहतात. अशी बदलत्या दराची चित्रफीत स्थिर दराच्या टाइमलाइनवर ठेवल्यास आरंभी जुळणारे ओठ आणि शब्द पुढे हळूहळू वेगळे पडू शकतात. त्यावर उपाय म्हणून संपादनापूर्वी हँडब्रेक किंवा एफएफएमपेगच्या साहाय्याने चित्रफितीचे स्थिर दरात रूपांतर करतात.

दराचा चुकीचा अर्थ लावला गेल्यानेही मेळ सुटतो. एनटीएससी पद्धतीचा प्रत्यक्ष दर सेकंदाला ३० नसून ३०,००० भागिले १,००१, म्हणजे सुमारे २९.९७ आहे. तो ३० धरल्यास एका तासात सुमारे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. मेळ आरंभापासून सारख्याच अंतराने चुकलेला असेल तर ध्वनी तेवढा सरकवणे पुरते. अंतर वाढत जात असेल तर दराचा दोष असतो आणि सरकवून तो दूर होत नाही.

निर्यातीतील अडथळे

अंतिम चित्रफीत तयार होताना प्रक्रिया प्रत्येक वेळी एकाच टक्क्यावर थांबत असल्यास टाइमलाइनच्या त्या जागेवरील दृश्य, परिणाम किंवा शीर्षक दोषी असण्याची शक्यता मोठी असते. प्रक्रिया दर वेळी वेगळ्या जागी थांबत असल्यास स्मृती, तापमान किंवा ड्राइव्हवरील अपुरी जागा यांकडे पाहावे लागते. दीर्घ प्रकल्प भागाभागांनी निर्यात करणे, अथवा प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्रफाइल म्हणून लिहिणे, हे उपाय यावर योजले जातात. चित्रमालिकेच्या पद्धतीत काम मध्येच थांबले तरी आधीच्या चौकटी वाया जात नाहीत.

देवनागरी शीर्षकांमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाणे किंवा जोडाक्षरे सुटी दिसणे, हा सॉफ्टवेअरच्या मजकूर-मांडणी यंत्रणेचा दोष असतो. प्रीमियर प्रोमध्ये त्यासाठी दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी यंत्रणा निवडावी लागते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकित केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो.

उल्लेखनीय उदाहरणे

केडेनलाइव्हच्या प्रकल्प फाइलींत दशांश संख्या लिहिताना वापरकर्त्याच्या प्रदेशानुसार कुठे टिंब तर कुठे स्वल्पविराम येत असे. एका संगणकावर लिहिलेली संख्या दुसऱ्यावर चुकीची वाचली जाऊन परिणाम बिघडत आणि सॉफ्टवेअर बंद पडे. ऑगस्ट २०२० मधील २०.०८ या आवृत्तीत ही नोंदपद्धती बदलण्यात आली. परिणामी या आवृत्तीत जतन केलेले प्रकल्प जुन्या आवृत्त्यांत उघडेनासे झाले.

अ‍ॅडोबी प्रीमियर प्रोच्या २०१७ मधील ११.१ आवृत्तीत, कॅशची जागा बदललेली असताना कॅशची सफाई केल्यास त्या फोल्डरमधील इतर फाइलीही पुसल्या जाऊ शकत. ११.१.१ या आवृत्तीत सफाई कॅशच्या उपफोल्डरांपुरती मर्यादित करण्यात आली. या दोषामुळे आपले चित्रीकरण नष्ट झाल्याचा दावा एका व्हिडिओग्राफरने २०१८ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दाखल केला. कॅशचे फोल्डर मूळ चित्रफितींपासून पूर्णतः वेगळे ठेवण्याचा संकेत किती आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून दिसून येते.

प्रतिबंधक उपाय

बहुतेक संपादन सॉफ्टवेअरे ठरावीक अंतराने प्रकल्पाची प्रत आपोआप जतन करतात. केडेनलाइव्ह व फायनल कट प्रो यांत जुन्या प्रती उघडण्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. प्रीमियर प्रो त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. स्वयंजतनात केवळ प्रकल्प फाइल सुरक्षित होते, मूळ चित्रफिती नव्हेत, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही.

मूळ चित्रीकरणासाठी ३-२-१ हा नियम प्रचलित आहे: एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक निराळ्या ठिकाणी. कार्डावरून प्रत घेताना एमडी५ किंवा एक्सएक्सहॅश यांसारखी पडताळणी बेरीज काढून दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या असल्याची खात्री केली जाते आणि त्यानंतरच कार्ड रिकामे केले जाते. जड चित्रफितींसाठी कमी आकाराच्या प्रॉक्सी प्रती वापरल्याने संगणकावरील भार घटतो. अंतिम निर्यातीच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइलींकडे परतते. चालू प्रकल्पाच्या मध्यावर सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती सहसा बदलली जात नाही, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नसते. बदल अपरिहार्य असल्यास जुन्या आवृत्तीतील प्रकल्पाची प्रत जपून ठेवली जाते.